हिमोग्लोबिनच्या खालची ओळ

८ मेचा जागतिक थॅलेसेमिया दिन झाला, रक्तदान शिबिरांचे फोटो छापून आले. मे महिन्यात कॉलेजं बंद असतात, शिबिरं रोडावतात आणि थॅलेसेमियामुळे दर दोन-चार आठवड्यांनी रक्त लागणाऱ्या मुलांचे आईबाप रक्तपेढ्यांचे उंबरे झिजवतात. रक्तदान हवंच. पण रक्त मिळालं की या मुलांचं भागतं, हा समज मात्र खोडायला हवा.

एका पिशवीबरोबर २०० ते २५० मिलिग्रॅम लोह अंगात जातं. शरीर एरवी दिवसाला एक-दोन मिलिग्रॅम लोह घेतं आणि साधारण तेवढंच गमावतं. जादा लोह बाहेर टाकायची सोयच त्याच्याकडे नाही. ते हृदयात, यकृतात, ग्रंथींत साचतं. वयात येणं लांबतं, मधुमेह जडतो, हृदय थकतं. हे लोह उपसायला आता रोजच्या गोळ्या आहेत. त्या नव्हत्या तेव्हा पोटाच्या कातडीखाली सुई खुपसून, पंप लावून मूल रात्रभर झोपायचं.

हे सगळं येतं ते ठणठणीत दिसणाऱ्या आईबापांकडून. भारतात तीन-चार टक्के लोक थॅलेसेमियाचे वाहक आहेत, म्हणजे स्वतः आजारी नसून दोष मुलांना देऊ शकणारे. सिंधी, पंजाबी आणि काही गुजराती समाजांत प्रमाण जास्त, पण कुठलीच जात यातून सुटलेली नाही. दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मेजर, म्हणजे सतत रक्त लागणाऱ्या थॅलेसेमियाची शक्यता २५ टक्के. पहिलं मूल निरोगी निघालं म्हणून दुसऱ्या वेळी ती कमी होत नाही.

वाहक ओळखायची पहिली खूण सीबीसी या साध्या रक्ततपासणीत असते. समजा, गरोदर बाईचं हिमोग्लोबिन १०. लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या जातात आणि कागद घडी होऊन पिशवीत जातो. त्याच कागदावर खाली एमसीव्ही, म्हणजे लाल पेशीचं सरासरी आकारमान, ६४ आणि लाल पेशी ५६ लाख असतात. पेशी बारीक, पण संख्येने भरपूर. नुसती लोहाची कमतरता असती तर संख्या सहसा घटली असती. इथे एचबीए-टू या हिमोग्लोबिनच्या प्रकाराची चाचणी करायलाच हवी. ते साडेतीन टक्क्यांच्या वर गेलं, तर नवऱ्याचं रक्त त्याच आठवड्यात तपासावं.

सायप्रसमध्ये सातातला एक जण वाहक. तिथल्या चर्चने १९८०च्या दशकात लग्नाआधी चाचणीचा दाखला मागायला सुरुवात केली. दाखल्यावर निकाल नसतो. चाचणी आणि समुपदेशन झालं, एवढंच. निकाल जोडप्यापाशी राहतो. बहुतेक वाहक जोडप्यांनी लग्नं मोडली नाहीत; गर्भतपासणीचा आधार घेतला. गर्भपाताचे कठीण निर्णय त्यात आलेच, पण बाधित जन्म जवळजवळ थांबले.

आपल्याकडे मुलगी वाहक आहे हे कळलं की स्थळ फिरतं, म्हणून घरचे चाचणीच टाळतात. वाहक आजारी नसतो, हे पाहुण्यांना पटवत बसण्यापेक्षा निकाल त्यांच्यापर्यंत पोचूच नये, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. गर्भतपासणीसाठी वारेचा नमुना दहाव्या-बाराव्या आठवड्यात घेतात; पाचव्या महिन्यात नाव नोंदवायला आलेल्या बाईची ती वेळ टळलेली असते. तेव्हा तपासणी कॉलेजातच व्हावी, आणि रिपोर्टचं पाकीट बंद करून फक्त त्या मुलाच्या किंवा मुलीच्या हातात द्यावं.