गांजा व अफूच्या जातीची औषधे

अफूच्या जातीच्या वेदनाशामकांनी व मादक द्रव्यांनी अमेरिकेत लाखो माणसे दगावली. सबब वेदनाशमनार्थ गांजास मोकळीक द्यावी, असा पक्ष तेथे बळावला. इ. स. २०१४ च्या एका अभ्यासात, औषधार्थ गांजास परवानगी देणाऱ्या संस्थानांत असे मृत्यू सुमारे २५ टक्के कमी आढळले. परंतु २०१९ साली तीच गणना २०१७ पर्यंतच्या आकड्यांनिशी केली, तों ते उलट २३ टक्के अधिक निघाले! एका हंगामावरून बियाणे पारखणे ते हेच. जुनाट दुखण्यास गांजाने काही उतार पडतो, इतके तेथील तज्ज्ञांस मान्य आहे.

आमच्या बागाईतदारांनी मात्र या वार्तांनी भुलू नये. १९८५ च्या कायद्यान्वये विनापरवाना लागवडीस १० वर्षांपर्यंत सक्तमजुरी व १ लाख रुपयांपर्यंत दंड आहे. उसाच्या आड लाविलेले झाडही त्यातून सुटत नाही.