लंडनचं पत्र : ढालीवरचा सह्याद्री

लंडन

सेंट पॉल्स कॅथीड्रलकडून थेम्सच्या दिशेने उतरू लागलं की काही पावलांवर लाल विटांची, तीन बाजूंनी अंगणाला वेढणारी इमारत लागते. हे ‘कॉलेज ऑफ आर्म्स’. नावात कॉलेज असलं तरी इथे वर्ग भरत नाहीत. व्यक्ती, नगरपालिका, विद्यापीठं यांना कुलचिन्हं बहाल करायची आणि त्यांची दप्तरी नोंद ठेवायची, हे इथलं काम. राजा तिसऱ्या रिचर्डने १४८४ मध्ये सनद दिली, तेव्हापासून ते चालू आहे.

कुलचिन्ह समजून घ्यायला आपल्याला राजमुद्रा आठवावी लागेल. मुद्रा कागदाची साक्ष देते, तर ढालीवरचं चिन्ह माणसाची. शिरस्त्राणात चेहरा झाकलेला योद्धा दुरून ओळखू यावा, म्हणून रंगांचे नियम ठरले. सोनेरी आणि रुपेरी हे ‘धातू’. लाल, निळा, काळा, हिरवा, जांभळा हे ‘रंग’. धातूवर धातू चढवायचा नाही आणि रंगावर रंग नाही.

चिन्हाचं अधिकृत रूप मात्र शब्दांत असतं. ढाल निळी, तिच्यावर सोनेरी सिंह, एवढं लिहिलेलं असतं. सिंहाची आयाळ कशी वळवायची हे चित्रकाराने ठरवायचं. बंदिश एकच, पण गळ्यागणिक ती निराळी उलगडते, तसंच हे. म्हणून शेकडो वर्षांचं जुनं चिन्हही आजचा चित्रकार नव्याने रंगवू शकतो.

इथे तेरा अधिकारी आहेत. ते अर्जदाराशी बोलून चिन्ह ठरवतात. चित्रकार ते रंगवतो आणि लेखनिक सनदेचा मजकूर हाताने लिहितो. सनद कमावलेल्या वासराच्या कातड्यावर असते. अशाच एका कलाकाराच्या टेबलाशी मला अर्धा दिवस बसायला मिळालं. प्लास्टर, शिशाचा सफेदा, माशाचा सरस आणि साखर यांचा लेप त्याने अक्षराच्या जागी दिला. लेप वाळल्यावर नळीतून त्यावर हळूच श्वास सोडला. त्या ओलाव्याने लेप चिकट होताच सोन्याचा वर्ख ठेवला आणि अकीकाच्या दगडाने घोटला. अक्षर उजळलं. आपल्याकडे पोथीत चूक झाली की हरताळ फासत. इथे चाकूने कातडं हलकेच खरवडतात.

ही विद्या अखंड चालत आली, असं मात्र नाही. छपाईनंतर ती क्षीण झाली होती. एडवर्ड जॉन्स्टन यांनी जुन्या हस्तलिखितांवरून लेखणीचा कोन, टोकाची रुंदी पुन्हा शोधून काढली आणि १९०६ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. लंडनच्या भुयारी रेल्वेच्या पाट्यांवरची अक्षरंही मूळची त्यांचीच. आज ती परंपरा कामात आहे. ब्रिटनच्या राजाच्या २०२३ मधल्या राज्याभिषेकाची निमंत्रणपत्रिका अँड्र्यू जेमिसन या कुलचिन्ह-चित्रकाराने रंगवली. त्या सोहळ्याचा अधिकृत वृत्तान्तही हातानेच लिहिला गेला, एकवीस मीटर लांब गुंडाळीवर. फरक इतकाच, की या वेळी कातड्याऐवजी कागद होता.

या साऱ्यात मला आपलं माणूस भेटलं. जमशेटजी जीजीभॉय १८५७ मध्ये बॅरोनेट, म्हणजे वंशपरंपरागत ‘सर’, झाले. त्यांच्या कुलचिन्हात डोंगरांमागून उगवणारा सूर्य आहे आणि वर दोन मधमाश्या. ते डोंगर म्हणजे मुंबईजवळचे घाट, आपला सह्याद्री! शिरोभागी मोर आहे आणि ब्रीद आहे उद्योग व औदार्य. हे औदार्य मालाडकरांनी रोज अनुभवलेलं आहे. मालाड ज्या साष्टी बेटावर आहे, त्याला मुंबईशी जोडणारा माहीमचा कॉजवे त्यांच्या पत्नी आवाबाई यांच्या देणगीतून १८४५ मध्ये खुला झाला. जमशेटजींच्या एक लाख रुपयांतून जे. जे. कलाशाळा उभी राहिली. तिच्याच उपयोजित कला शाखेतून घडलेले अच्युत पालव यांनी मोडीचं वळण नव्या पिढीच्या हातात दिलं; २०२५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

म्हणजे हात आपल्याकडेही आहेत. इथल्या हातांना काम देणारं दार पाच शतकं उघडं आहे आणि तेही मुख्यतः सनदांच्या शुल्कावर चालतं. आपल्याकडे असं दार उघडायला राजाची गरज नाही. मालाडमध्ये शाळा, ग्रंथालयं, गणेशोत्सव मंडळं मानपत्रं देतातच. संगणकावर जुळवलेला मजकूर चौकटीत बसवण्याऐवजी मोडी-देवनागरी शिकलेल्या एखाद्या मुलीला बोलवा. तिला चांगला कागद, पंधरा दिवस आणि योग्य मानधन द्या. निवृत्त होणाऱ्या बाईंच्या नावातलं पहिलं अक्षर तिला सोन्याने लिहू द्या. ते मानपत्र बाईंची नातवंडंही जपून ठेवतील. आणि पुढच्या वर्षी ती मुलगी दुसऱ्या मानपत्राला बसलेली असेल.