व्यवहार फसला तरी शुल्क का जाते?

आभासी चलनाची अदलाबदल फसली तरी पैसे का कापले गेले, असे काही सभासद विचारतात. म्हणून ही थोडक्यात माहिती देत आहोत.

इथेरियमवर २०१८ मध्ये सुरू झालेल्या युनिस्वॅपवर समोर विकणारा माणूस नसतो. दोन चलनांचा सामाईक साठा असतो. त्यालाच लिक्विडिटी पूल म्हणतात. मूळ पद्धतीत दोन्ही रकमांचा गुणाकार कायम राखला जातो. समजा, साठ्यात १० इथर आणि २०,००० यूएसडीसी आहेत, गुणाकार २,००,०००. आपण १ इथर घेतला की ९ उरतात, म्हणून दुसरी बाजू सुमारे २२,२२२ व्हावी लागते. भाव २,००० दिसला तरी आपण २,२२२ मोजतो, शुल्क वेगळेच. साठा जितका लहान, तितका फटका मोठा.

आपला व्यवहार नोंदला जाईपर्यंत इतरांच्या खरेदीने भाव आणखी हलतो. या फरकाला स्लिपेज म्हणतात. तो आपण ठरवलेल्या मर्यादेबाहेर गेला, तर व्यवहार रद्द होतो. मूळ रक्कम वाचते. पण नेटवर्कने केलेल्या कामाचे ‘गॅस’ शुल्क परत मिळत नाही.

म्हणून मोठा साठा निवडावा, गॅससाठी वॉलेटमध्ये थोडे इथर राखावे आणि गर्दीच्या वेळी घाई टाळावी. मर्यादा फार सैल मात्र ठेवू नये; आपल्या मागेपुढे व्यवहार लावून फरक खिशात घालणारे टपलेलेच असतात.

भारतात अशा नफ्यावर ३० टक्के कर आहे आणि त्यातून खरेदी किमतीशिवाय कोणताही खर्च वजा होत नाही. फसलेल्या व्यवहाराचा गॅस आपल्याच खिशातून जातो, हे ध्यानात ठेवावे.