देवमासा आणि म्हैस

देवमासा (व्हेल) हा समुद्रातील, तर म्हैस हा जमिनीवरील सस्तन प्राणी होय. परभणी जिल्ह्याला समुद्रकिनारा नसल्यामुळे तेथील विद्यार्थ्यांनी देवमासा बहुधा चित्रातच पाहिलेला असतो. मराठवाडी म्हैस मात्र परभणी, नांदेड, बीड, जालना, लातूर या जिल्ह्यांत घरोघरच्या गोठ्यांत दिसते. ही तुलना वरवर विजोड वाटली, तरी हे दोन प्राणी परस्परांचे नातलग आहेत. किंबहुना म्हशीला घोडा किंवा डुक्कर यांच्यापेक्षा देवमासा अधिक जवळचा आहे.

शरीररचना

'देवमासा' या नावातील 'मासा' हे पद दिशाभूल करणारे आहे. शब्द सुंदर आहे, तो टाकण्याचे कारण नाही. केवळ त्यातील समासावर विश्वास ठेवू नये. माशाला कल्ले असतात. देवमाशाला म्हशीप्रमाणेच फुप्फुसे असतात आणि श्वासासाठी त्याला पृष्ठभागावर यावे लागते. म्हशीच्या नाकपुड्या तोंडाच्या टोकाशी, तर देवमाशाच्या डोक्याच्या माथ्यावर असतात. मासा शेपटी डावीउजवीकडे हलवतो, देवमासा वरखाली. धावणाऱ्या चतुष्पाद प्राण्याचा कणाही असाच वरखाली वाकतो. देवमाशाच्या वल्ह्यासारख्या परांत खांदा, कोपर व बोटे यांची हाडे असतात. मान बाहेरून दिसत नसली, तरी तिच्यात म्हशीइतकेच, म्हणजे ७ मणके असतात.

पिल्लू व दूध

म्हशीचा गर्भकाळ १० महिन्यांहून थोडा अधिक असतो. निळ्या देवमाशाचा १० ते १२ महिने. रेडकू ३० किलोच्या आसपास भरते, तर निळ्या देवमाशाचे पिल्लू जन्मतःच सुमारे ७ मीटर लांब व दोन टनांहून जड असते. म्हशीच्या दुधात साधारण ७ टक्के स्निग्धांश असतो, निळ्या देवमाशाच्या दुधात ३५ टक्क्यांहून अधिक. रेडकू सड चोखते आणि म्हैस पान्हा सोडते. देवमाशाच्या पिल्लाला ओठांनी तसे चोखता येत नाही. मादीचे दोन सड त्वचेच्या खाचांत दडलेले असतात आणि ती स्नायूंच्या दाबाने दूध पिल्लाच्या तोंडात सोडते.

वंश

नात्याचा पुरावा घोट्यात सापडला. म्हैस, शेळी, हरिण अशा समखुरी प्राण्यांच्या घोट्यातील एका हाडाची दोन्ही टोके कप्पीसारखी असतात. पाकिस्तानात सापडलेल्या, पाय असलेल्या प्राचीन देवमाशांच्या जीवाश्मांतही तसेच हाड असल्याचे २००१ साली प्रसिद्ध झाले. जम्मू भागातील कालाकोट येथे भूवैज्ञानिक ए. रंगा राव यांनी जमवलेल्या खडकांतून 'इंडोहायस' हा सुमारे ४ कोटी ८० लाख वर्षांपूर्वीचा लहानसा समखुरी प्राणी पुढे आला. त्याच्या कानाचे जाड हाड देवमाशासारखे आहे. हयात प्राण्यांत पाणघोडा देवमाशाला सर्वांत जवळचा असून त्यानंतर रवंथ करणाऱ्यांचा क्रम लागतो.

पाणी व उष्णता

म्हशीच्या काळ्या कातडीत घामाच्या ग्रंथी कमी असतात, म्हणून उन्हाळ्यात ती डोहात डुंबून अंग थंड करते. देवमाशाची अडचण नेमकी उलटी आहे. पाणी शरीराची उष्णता हवेपेक्षा कितीतरी वेगाने ओढून घेते. ती राखण्यासाठी त्याच्या त्वचेखाली चरबीचा जाड थर असतो. किनाऱ्यावर अडकल्यावर हाच थर त्याच्या जिवावर उठतो.

जून २०१५ मध्ये रायगड जिल्ह्यातील रेवदंडा येथे एक निळा देवमासा जिवंत अवस्थेत किनाऱ्याला लागला व मरण पावला. नोव्हेंबर २०२३ मध्ये गणपतीपुळे येथे अडकलेले देवमाशाचे पिल्लूही मोठ्या प्रयत्नांनंतर वाचले नाही. अशा वेळी तो माशाप्रमाणे पाण्यावाचून गुदमरतो, असा समज आढळतो. वस्तुतः हवा त्याला हवीच असते. पाण्याचा आधार सुटल्याने स्वतःच्याच वजनाखाली त्याची फुप्फुसे व स्नायू दबतात आणि शरीर तापते. त्यामुळे बचावपथके त्याच्या अंगावर ओली कापडे पसरतात, पाणी शिंपडत राहतात. मात्र माथ्यावरील श्वासरंध्र उघडे ठेवतात आणि त्यात पाणी जाऊ देत नाहीत.