चौकट : अर्ध्या पानातली प्रेमकथा

मासिकातल्या अर्ध्या पानात अख्खं प्रेम मावत नाही; मावतो तो एक निर्णय. सोलापूरच्या सिद्धरामेश्वरांची आख्यायिका पाहा. कुंभारकन्या लग्नाचा हट्ट धरते, योगी नकार देतात, पण आपल्या योगदंडाशी विवाह करायला संमती देतात. मागणी, नकार, तोड, कथा संपली. एवढ्यात पात्रं कशी उभी राहणार, हा आक्षेप रास्त वाटतो. पण माणूस वर्णनातून कमी आणि पेचात काय निवडतो यातून जास्त कळतो. तिचा हट्ट आणि त्यांचं व्रत, दोन्ही त्या योगदंडात दिसतात. श्रद्धेनं ही कथा टिकवली हे खरंच, तरी दर जानेवारीत सोलापुरातल्या संमती कट्ट्यावर या विवाहाच्या प्रतीकात्मक सोहळ्यात अक्षता पडताना ती चार वाक्यांत सांगता येते. लेखकांनो, आधी तोड शोधा. भेटीगाठींची वर्णनं खुशाल गाळा.