वास्तूचे वैभव आणि गृहस्थाची जयणा

व्यापारात स्थैर्य आले की कुटुंबाला प्रशस्त घराची ओढ लागते. त्यात गैर काही नाही. परंतु आजच्या बंगल्यांत आणि आलिशान सदनिकांत अशा कित्येक गोष्टी असतात, ज्यांचे कौतुक वास्तुप्रवेशाच्या दिवसापुरते होते आणि ज्यांचा भार मात्र घरातील माणसे व मुके जीव वर्षानुवर्षे वाहतात.

दोन मजले उंच दिवाणखान्यातील झुंबर स्वच्छ करायचे तर परांची बांधावी लागते. साहजिकच सफाई लांबते, कोळिष्टके जमतात आणि पुढे ती काढताना हिंसा टळत नाही. छतातील छुप्या दिव्यांच्या खाचांत पावसाळ्यात किड्यांचा खच पडतो. शोभेच्या कुंडातील रंगीत मासे म्हणजे केवळ नजरेच्या सुखासाठी बंदी केलेले जीव होत. कुंडाचे पाणी साचून राहिले की डास होतात आणि त्यांच्यासाठी औषधाची फवारणी होते. जीवदयेसाठी सढळ हाताने दान देणाऱ्या घरातच हा विरोधाभास नांदतो.

कठडा नसलेला अधांतरी जिना छायाचित्रात मोहक दिसतो. घरातील आजी मात्र त्यामुळे वरच्या मजल्यावरील देवघराला मुकतात. चकचकीत संगमरवरी फरशीवर थोडे पाणी सांडले तरी पाय घसरतो, आणि उतारवयातील एका पडण्याने माणूस कायमचे अंथरूण धरू शकतो.

स्वयंपाकघराची उपेक्षा तर विशेष खटकते. समुद्राकडची मोठी खिडकी दिवाणखान्याला मिळते आणि खरा स्वयंपाक मागच्या अंधाऱ्या खोलीत ढकलला जातो. चौविहार पाळणाऱ्या कुटुंबाला सूर्यप्रकाशात धान्य निवडता यावे, पाणी गाळता यावे, ही साधी गरजही आराखड्यात उरत नाही. पावलांच्या चाहुलीने पेटणारे दिवे आणि आपोआप उघडणारी दारे गोचरीसाठी येणाऱ्या साधू-साध्वींना उंबरठ्यावरच अडचणीत टाकतात.

दिखाऊ वास्तूचा त्रास थोरामोठ्यांनाही चुकलेला नाही. अमेरिकेतील इलिनॉय राज्यात विख्यात वास्तुविशारद मीस व्हॅन डर रोह यांनी डॉ. एडिथ फार्न्सवर्थ यांच्यासाठी काचेच्या भिंतींचे घर बांधले. ते १९५१ मध्ये पूर्ण झाले. उन्हाळ्यात ते तापे आणि रात्री उजळलेल्या काचांवर कीटकांचे थवे येत. पुढे ओसरीला जाळ्या बसवाव्या लागल्या. वाढलेल्या खर्चाचा वाद न्यायालयातही गेला. वास्तुकलेच्या इतिहासात हे घर अजरामर झाले, पण मालकिणीला तेथे सुख लाभले नाही.

याउलट जैसलमेरची पटवा हवेली पाहावी. जैन व्यापारी गुमानचंद पटवा यांच्या काळात, १८०५ च्या सुमारास, तिचे बांधकाम सुरू झाले आणि पुढे पाच हवेल्यांचा समूह उभा राहिला. तेथे श्रीमंती लपवलेली नाही. मात्र पिवळ्या दगडातील नाजूक जाळ्या वाळवंटाचे ऊन अडवतात, वारा आत घेतात आणि घरातील स्त्रियांना आडोसाही देतात. म्हणजे कोरीवकामात दोष नाही. दोष आहे तो निरुपयोगी देखाव्यात.

तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात परिग्रह-परिमाण व्रताचे अतिचार सांगताना क्षेत्र आणि वास्तू यांचा उल्लेख सोन्या-चांदीच्याही आधी येतो. घराची हाव गृहस्थाला किती सहज ओढून नेते, याची ती जाण आहे.

म्हणून आराखडा मंजूर करण्यापूर्वी तो घरातील ज्येष्ठांसमोर आणि रोज स्वयंपाक करणाऱ्या गृहिणीसमोर ठेवावा. प्रत्येक सजावटीबाबत तीन गोष्टी विचाराव्यात: ती स्वच्छ कोण ठेवणार, तिच्यामुळे कोणाला इजा होईल आणि तिच्यावाचून कोणाचे काय अडेल? तिसऱ्या प्रश्नाला उत्तर सापडले नाही, तर ती रक्कम साधर्मिक बांधवाच्या गळक्या छपरासाठी वेगळी काढावी.