दलाल ओळखीचाच असतो
लेखमाला : माणसांचा बाजार (भाग ४)

मागच्या भागात आपण व्याख्या पाहिली. शोषणासाठी माणूस फसवून, धमकावून किंवा पैसे मोजून ताब्यात घेतला, ठेवून घेतला वा दुसऱ्याच्या हवाली केला, की तो मानवी व्यापार ठरतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम १४३ नुसार ‘तिची संमती होती’ हा बचाव चालत नाही. हीच फूटपट्टी आता खानदेशाला लावू.

१९९४ मध्ये जळगावचे वासनाकांड उघडकीस आले. मुलींना ओळखीपाळखीतून जाळ्यात ओढायचे, त्यांचे फोटो काढायचे आणि त्या फोटोंच्या जोरावर पुन्हा पुन्हा बोलवायचे, असा आरोप होता. आरोपींत वजनदार मंडळी होती. मुली आपल्याच गावात राहत होत्या. त्यांना जखडले होते ते अब्रूच्या भीतीने. तीच भीती तपासालाही आडवी आली. तक्रार द्यायला मोजक्याच जणी पुढे आल्या आणि पुढे अनेक आरोपी सुटले. दलालाचे खरे भांडवल पीडितेचे गप्प राहणे हेच असते, हे त्या प्रकरणाने दाखवून दिले.

या व्यापाराची दुसरी वाट लग्नाच्या मांडवातून जाते. जळगाव जिल्ह्यात शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलांमागे २००१ मध्ये ८८० मुली होत्या. २०११ मध्ये ८४२ उरल्या. २००१ मध्ये त्या वयोगटात असलेली मुले आज लग्नाची झाली आहेत. कोरडवाहू शेतकऱ्याच्या मुलाला कुणी मुलगी देईना, की मध्यस्थ उगवतो. तो गरीब घर हेरतो. ‘हुंडा नको, उलट लग्नाचा खर्च आम्हीच करू’ म्हणतो आणि बापाच्या हातावर पैसे ठेवतो. पुष्कळदा हा मध्यस्थ नात्यातलाच असतो, म्हणून कुणी चौकशी करत नाही. सगळीच अशी लग्ने म्हणजे व्यापार नव्हे. पण मुलगी अल्पवयीन असेल, तिला माहेरी फोन करू देत नसतील किंवा तिला पुढे दुसऱ्याच्या हवाली केले असेल, तर तो उघड सौदा आहे.

हे रोखायचे कुठे? पहिली जागा म्हणजे वयाचा पुरावा. आधार कार्डावरची जन्मतारीख पुरेशी मानू नका. बालन्याय कायद्यात शाळेचा दाखला आधी पाहतात. गावात ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचा ग्रामसेवक) हाच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो, त्याला आधीच कळवा. अल्पवयीन मुलीला लग्नासाठी विकले असेल, तर ते लग्न मुळातच रद्दबातल ठरते. मूल बेपत्ता झाले तर ‘दोन दिवस वाट पाहू’ म्हणू नका; सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या आदेशाने अशा वेळी गुन्हा नोंदवणे पोलिसांवर बंधनकारक आहे. हेल्पलाइन १०९८.

दुसरी जागा आपले घर. मुलीचा फोटो कुणी पसरवण्याची धमकी दिली, तर पहिला प्रश्न ‘तू तिथे गेलीसच कशाला?’ असा विचारला, की ती दुसऱ्यांदा तोंड उघडत नाही आणि धमकी देणाऱ्याचे फावते. तिला जवळ घ्या, मेसेज पुसू नका आणि थेट पोलिसांकडे जा. बलात्काराच्या किंवा पोक्सोच्या गुन्ह्यात पीडितेची ओळख छापणे हाच गुन्हा आहे, हे तिला आधी सांगा.

पुढील आठवड्यात : सुटकेनंतर मुलगी कुठे जाते?